कमरेचा पट्टा

पियानो दुरुस्त करता करता नवऱ्याची पाठ धरली, तेव्हापासून घरातलं सगळं जड तीच उचलत होती. गॅसचं सिलिंडर, ओल्या चादरींची बादली आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईसुद्धा. आज तो कमरेचा पट्टा घरीच विसरला, आणि आजच मोठ्या पियानोची लोखंडी चौकट काढायची होती. हातातलं काम टाकून ती पट्टा घेऊन कारखान्यात धावली.

दारातच तिचे पाय थबकले. चौघंजण पियानोच्या पोटातून ती चौकट बाहेर काढत होते. "गुडघ्यात वाका, पाठ ताठ! खाली बोटं घालू नका!" असं ओरडत होता तो तिचा नवराच, आणि सगळ्यात जड कोपरा त्याच्याच हातात होता. चौकट ठोकळ्यांवर अलगद टेकली. त्याने हात झटकले आणि मजेत शीळ घातली. कालच त्या पाठीला तिने तेल चोळून दिलं होतं.

तिला पाहून मालक लगबगीने खुर्ची घेऊन आले.

"बसा वहिनी, उभ्या राहू नका. तुमच्या पाठीचं दुखणं माहीत आहे आम्हाला. घरचं सगळं बिचाऱ्यालाच उचलावं लागतं, म्हणून तर याला रोज चारलाच सोडतो!"

नवरा मान खाली घालून दोर गुंडाळू लागला.



घरी तो रोज आठनंतर येत असे.