गुण

"आता घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी लालासाहेब बायकोला, बनुबाईला घेऊन इस्लामपूरहून सांगलीच्या कॉलेजात आले. तिथं कॅन्सरच्या नव्या संशोधनावर व्याख्यान होतं. तिला बाहेर बाकावर बसवून ते आत गेले. पडद्यावरच्या पेशी त्यांना कळल्या नाहीत, पण नव्या औषधानं सगळ्या गाठी विरघळल्या एवढं कळलं. शेवटी ते उभे राहिले.

"मॅडम, हे औषध आमाला कवा मिळंल?"

"त्या गाठी उंदरांच्या होत्या, आबा. माणसांना द्यायला अजून दहा वर्षं तरी लागतील."

ते बाहेर आले. बनुबाईनं विचारलं, "आवं, कुणाला गुण आला का त्या औषधाचा?"



"व्हय," तिच्या डोईवरचा पदर सारखा करत ते म्हणाले, "समद्यांना आला."