ललिताबाईचा जबाब

घणाचा पहिला घाव खांबाला दिलेल्या टेक्यावर बसला तेव्हा देवला सोळा फुटांवर होता. लोखंडी खांबाच्या टोकाला पायांचा वेढा घालून तो छताचे पत्रे तोलणाऱ्या लोखंडी कैचीचे नट आवळत होता. खांब थरथरला. देवलाच्या हातातला पाना निसटून खाली पडला. त्यानं खांबाला मिठी मारली.

"जमशेदभाऊ, मानूस हाये वर!" खाली सिमेंट कालवणारी त्याची बायको ललिताबाई ओरडली.

जमशेदनं वर पाहिलं. नीट पाहिलं. मग दुसरा घाव घातला.

वर्कशॉप त्याच्या भावजयीचं, सरवरीचं होतं. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगमधल्या मोटारी, लिलावात निघालेले जनरेटर, कॉम्प्रेसर विकत आणायचे, दुरुस्त करून विकायचे, हा तिच्या नवऱ्याचा, खालिदचा धंदा. दोन वर्षांपूर्वी तो वारला. सरवरीनं धंदा बंद केला नाही, वाढवला. आता मेडशी गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, जुन्या टपरीच्या जागी ती पक्की शेड उभी करत होती. बाईमाणसानं धंदा आपल्या हवाली करून घरात बसावं, असं जमशेदचं म्हणणं. काम थांबव म्हणून तो तीनदा सांगून गेला होता. आज तो सांगायला आला नव्हता.

सरवरी धावत आली आणि टेक्याला पाठ लावून उभी राहिली.

"सरक भाभी."

"नाई सरकत."

त्यानं तिचा दंड धरला आणि तिला गिट्टीच्या ढिगावर फेकलं. तिचं कपाळ फुटलं. तिसऱ्या घावाला टेका सुटला.

खांब आधी हळू कलला, मग एकदम गेला. देवला सुटला आणि खाली ठेवलेल्या जनरेटरवर पाठीवर आपटला. त्याचा आवाज फारसा झाला नाही. मागून कैची कोसळली, तिचाच झाला.

ललिताबाई त्याच्याजवळ पोचली. त्याचे डोळे उघडे होते. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

जमशेद घण टाकून मोटारसायकलकडे निघाला होता. ललिताबाईनं मातीत पडलेला हातभर लांबीचा पाना उचलला. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला, तसा दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला. जमशेद गुडघ्यांवर बसला आणि तोंडातून दात, रक्त असं सगळं एकदम बाहेर आलं. तिनं पाना तिसऱ्यांदा डोक्यावर उचलला.

मागून सरवरीनं तिचे दोन्ही हात धरले. "बस कर ललिता! मरन तो!"

"मरू द्या!"

"तो मेला त तू जन्मभर आत जाशीन. निताचं काय करतं? पोरीले बाप नाई राह्यला, आता माय बी नाई ठेवत का?"

ललिताबाईचे हात खाली आले. रस्त्यावर ट्रकमधून पत्रे उतरवणारे मजूर पळत आले, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

दुपारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी देवलाच्या अंगावर चादर ओढली. पलीकडच्या वॉर्डात जमशेदचं तोंड पट्ट्यांनी बांधलं होतं. सरवरी कपाळाला टाके घालून बाहेर आली आणि ललिताबाईला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"ऐक. कैची पडली. देवला तिच्यासंगं गेला, जमशेद खाली सापडला. एवढंच सांगायचं. तुले कोनी हात लावनार नाई. निताले मी माह्या पोरीवानी पाहीन. अल्लाकसम."

ती मनापासून बोलत होती. ललिताबाईला ते कळत होतं.

"अन् जमशेदभाऊ?" तिनं विचारलं.

"त्याले इचारलं म्या. त्यानं मान हलवली. तो बी हेच सांगन."

ललिताबाई आपल्या हातांवर वाळलेलं सिमेंट नखानं खरवडत राहिली.

पोलीस ठाण्याचा जमादार शालिग्राम चारच्या सुमारास आला. जमशेदच्या खाटेजवळ स्टूल ओढून त्यानं सरवरीचा जबाब लिहून घेतला आणि मोठ्यानं वाचला. बांधकाम चालू असताना कैची पडून एक इसम मयत, एक जखमी. त्यानं जमशेदला विचारलं, "असंच झालं ना?"

जमशेदनं मान हलवली. घाईघाईनं, दोनदा.

"बाई, तुमचंही हेच म्हणणं?" शालिग्रामनं कागद ललिताबाईसमोर धरला. "सही करता की अंगठा?"

ललिताबाईनं कागद घेतला नाही.

"याचा जबडा कैचीनं नाई मोडला साहेब. म्या मोडला. पान्यानं."

"ललिता!" सरवरी पुढे झाली. "साहेब, नवरा गेला तिचा. तिले शुद नाई काय बोलते त्याची."

"शुद हाये भाभी. लिवा साहेब. दोन फटके मारले. तिसरा बी मारनार होती."

जमशेद खाटेवर उठून बसायला धडपडला. पट्ट्यांच्या आतून नुसता घोगरा आवाज आला. तो हात हलवून नको, नको म्हणत होता.

शालिग्रामनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावर केस होईल. अटक होईल. समजतं ना?"

"समजते."

त्यानं लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि कोरा काढला.

"का मारलं त्याला?"

ललिताबाई सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली. त्याच्या समोर, फरशीवर, मांडी घालून.

"हेच इचारा साहेब," ती म्हणाली. "तुमी हे इचारावं म्हनूनच त कबूल करून राह्यली मी."