पुन्हा लावा लिलावाला

कोळसाखाणीत पाठ मोडून दीड वर्ष झालं तरी वर्जिलच्या अपंग भत्त्याचं मंजुरीपत्र काही येईना. शेवटी गावानं चर्चमध्ये त्याच्यासाठी केकांचा लिलाव ठेवला. वर्जिल मागच्या बाकावर मान खाली घालून बसला. शेजाऱ्यानं चढी बोली लावून सफरचंदाचा केक घेतला, पैसे दिले आणि इथल्या रीतीप्रमाणं केक परत करत म्हणाला, “पुन्हा लावा लिलावाला.” दुसऱ्यानं तेच केलं, तिसऱ्यानंही. वर्जिलला आपला हात वर जायचा ते दिवस आठवले. कुणी जायबंदी झालं की पगाराच्या शनिवारी तोही असाच केक घ्यायचा, दालचिनीचा वास छातीभर ओढायचा आणि परत द्यायचा. इतक्यात लिलाव पुकारणाऱ्या म्हाताऱ्या ओडेलनं तोच केक त्याच्या मांडीवर ठेवला. “आता मी कसली बोली लावू, ओडेलकाका?” ओडेलनं खिशातला चाकू उघडून दिला. “तीस वर्षं नुसता वास घेतलास. आज खा लेका.”