ट्रेलरच्या चाव्या

“आदी बोट दे, मंग चावी घे!” जासईच्या यार्डात सिफिलिसच्या तपासणीचं शिबिर लागलं की धर्मराज आपल्या ट्रेलरवरच्या ड्रायव्हरांना असं दटावायचा. “शेठ, अंगठी घालताय का?” म्हणत तेही हसतहसत टोचून घ्यायचे. हसायची नाही ती त्याची बायको सगुणा. तरुणपणी लांबच्या फेऱ्या करताना त्यानेच तो आजार घरी आणला होता आणि तिचं पहिलं बाळ न रडताच गेलं होतं. “चाव्या आता तू सांभाल,” प्राण सोडताना त्याने तिच्याकडून वचन घेतलं. आज त्याच्यामागचं पहिलंच शिबिर. घराच्या ओट्यापाशी एक ड्रायव्हर अवघडून म्हणाला, “काकू, शेठ गेले. कसली तपासणी? चावी द्या, पोर्टला उशीर होतोय.” मंगळवारच्या उपासाचा दिवा देवीपुढे लावून सगुणाने खुंटीवरचा जुडगा कनवटीला खोचला आणि चपला सरकवल्या. “चल बाला, मी पन येते. आदी माझं बोट.”