पहिली सही

मिलमध्ये स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले, तेव्हा कापड विणणाऱ्या साचेखात्यातला एकही कामगार सही करायला तयार नव्हता. मॅनेजरने त्यांच्यातल्या भाऊरावांना एकट्याला आत बोलावलं. "पहिली सही तुम्ही करा. मिल बंद झाली तरी फाटकावर चौकीदार लागेलच. ती जागा तुमची. फक्त या जागेचं बाहेर कुठे बोलू नका."

घरी दोन मुली लग्नाच्या होत्या. भाऊरावांनी सही केली.

"बाकीच्यांचं काय होणार?" बायकोने, आनंदीने विचारलं.

"ज्याचं त्याने बघावं. मी कुणाला सही कर म्हटलं का?"

खरंच, त्यांनी कुणालाच काही म्हटलं नव्हतं.

हळूहळू बाकीच्यांच्याही सह्या झाल्या. काही महिन्यांत मिलला कुलूप लागलं आणि भाऊराव खाकी कपडे घालून फाटकाच्या आत बसू लागले. एका दुपारी रत्नपाल आला. वर्षानुवर्षं तो त्यांच्या शेजारच्या साच्यावर होता, आता सियागंजच्या बाजारात पोती उचलत होता. हा शिव्याच देणार, असं भाऊरावांना वाटलं.

रत्नपालने गजांतून हात घालून त्यांचा हात धरला. "बढिया झालं भिया, तुम्हाला तरी काम मिळालं!"

भाऊरावांना त्याच्याकडे बघवेना. "तू का सही केलीस रे?"

 

"घरचे तर नकोच म्हणत होते. मीच म्हटलं, भाऊरावजींनी केलीय ना, मग सोच-समझूनच केली असेल."