सियाउ की तेरनाते

इंडोनेशियातल्या मनाडो शहरातल्या एका घरात दर डिसेंबरात एकच वाद व्हायचा, की सुट्टीला कुठल्या बेटावर जायचं. ज्वालामुखी दोन्हीकडे होते. फेरदी म्हणायचा, तेरनातेला जाऊ, चार दिवस माणसांसारखे राहू. त्याची बायको मेइस्के म्हणायची, सियाउ. सियाउच्या डोंगरावर चढायला गेलेली त्यांची मुलगी नोव्ही परत आलीच नव्हती. शोधणाऱ्यांना तिची चप्पलसुद्धा सापडली नव्हती. शेवटी दरवर्षी मेइस्केचंच खरं व्हायचं. ती तिथल्या खाणावळीत बसून डोंगरावरून उतरणाऱ्या वाटेकडे बघत राहायची आणि फेरदी तिच्यावर करवादत राहायचा.

यंदा त्यानं विषय काढायच्या आधीच ती म्हणाली, "अहो, तेरनातेची तिकिटं काढा."

"आणि सियाउ?"

"तिथं आता कोण आहे आपलं?"

इतकी वर्षं हेच ऐकायला फेरदी आसुसला होता.

"असं नको म्हणूस," तो म्हणाला. "तू वाट बघतेस, म्हणून तर मला चिडता येतं."

दुपारी तो बंदरावर गेला आणि स्वतःसाठी सियाउचं एकच तिकीट घेऊन आला.