फुलसावंगीचा प्रतिसाद

उमरखेडच्या एका डिजिटल मार्केटिंग फर्मने कपाशी-बियाण्याच्या जाहिरातीतला विक्की या निवेदकाचा आवाज काढून त्या जागी संगणकाने घडवलेला मृदू आवाज घातला, आणि आठवड्याभरात फुलसावंगीचे सर्व प्रेक्षक नाहीसे झाले. चित्रे तीच होती, बियाणेही तेच होते.

याच गावाच्या प्रतिसादाचे आलेख दाखवत संचालिका उर्वशीने फर्म एका खोलीतून दोन मजल्यांवर नेली होती. कापसाचे भाव कोसळलेल्या त्या वर्षी बियाणे कंपनी हा एकच मोठा ग्राहक उरला होता, आणि प्रेक्षक परतले नाहीत तर तोही करार मोडणार होता. अखेर ती स्वतःच फुलसावंगीला गेली.

तिथल्या शेतकरी विमलताईंच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, एका खांबाला जुना मोबाइल आणि भलामोठा स्पीकर बांधलेला होता.

"काकू, आमची नवी जाहिरात आवडली नाही का?"

"तुमची व्हय का थे? कायले बदलली वं माय? पयलेचा पोट्टा कसा बोंबले! रातभर लावून ठेवो आमी. सारं गाव लावे. हे बाई तं पाळना म्हनल्यावानी बोलते."

"मग बियाणं कोणीच कसं घेतलं नाही?"

"बियान्याची व्हती का थे? पाह्यली कोनं?"

उर्वशीने थकून समोरच्या उकरलेल्या, आडव्या पडलेल्या कपाशीकडे पाहिले.

 

गेली दोन वर्षे ती जाहिरात रानडुकरांना पळवून लावण्यासाठी वाजवली जात होती.